न धरलेले तीस मिलिवॅट

इंदिरानगरच्या बोगद्यापाशी, सकाळी दहाच्या सुमारास, एका अनोळखी माणसाने माझ्या कानाखाली मारली. चूक माझी होती. मी न बघता रस्त्यात उतरलो. टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप कचकन थांबली, वरचे दोन क्रेट रस्त्यावर आदळले आणि ड्रायव्हर दार उघडून सरळ माझ्याकडे आला. "ए म्हाताऱ्या, मरायचं हाय का? मग दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली मर ना. माझीच गाडी घावली व्हय?" मी 'सॉरी' म्हणालो. मला वाटतं तो त्या शब्दानेच चिडला असावा. मी तो नेहमी फार हळू, तोंडातल्या तोंडात म्हणतो, समोरच्याला तो टाळल्यासारखा वाटतो. मग त्याचा हात आला. चष्मा उडाला नाही, एका कानावर लटकत राहिला. डाव्या कानात आधी काहीच नव्हतं, मग एक बारीक, न हलणारी शिटी सुरू झाली. मागचे हॉर्न मला एकाच बाजूने ऐकू येत होते. स्कूटीवरची एक बाई जाता जाता म्हणाली, "अहो, म्हाताऱ्या माणसावर काय हात टाकता?" आणि बोगद्यात शिरली. तो माणूस खाली बसून टोमॅटो वेचायला लागला. मीही त्याच्या शेजारी बसलो आणि वेचू लागलो. चांगले क्रेटमध्ये, फुटलेले कडेला. असं मी का केलं ते सांगता येणार नाही. थोड्या वेळाने त्याने माझ्या हातातला टोमॅटो काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या बाबा. जा तुम्ही घरी." मारून झाल्यावर तो अहो-जाहोवर आला होता.

कपड्यांवर लाल डाग पडले होते म्हणून शर्ट बदलायला मी घरी परतलो. प्रतिभाने दार उघडलं आणि माझा गाल बघून तिथेच थांबली. मी म्हणालो, पडलो. "पडल्यावर पाच बोटं उठतात होय?" तिने बर्फ आणला, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मी काही सांगणार नाही हे तिला ठाऊक असतं आणि ती फार खोदत नाही. "आजच नेमकं," एवढंच ती म्हणाली. आज हर्षाली पगारेचा पीएचडीचा व्हायवा होता. निवृत्तीनंतरही कॉलेजने माझ्याकडे ठेवलेली ती शेवटची विद्यार्थिनी. "आणि गोरक्ष येतोय ना बाहेरून परीक्षक म्हणून? त्याला रात्री जेवायला घेऊन या. किती वर्षांनी येतोय. तुमचा सगळ्यात आवडता होता तो." मी बर्फ कानाशी धरून 'बघतो' म्हणालो. आणि तेव्हा मला एक गोष्ट जाणवली, जी मी कुणाला सांगितली नसती. गाल जळत होता, कानात शिटी होती, आणि आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. झालं एकदाचं. मिळाली मला. चौदा वर्षं मी ज्या हाताची वाट बघत होतो तो आला आणि पडला. टोमॅटोवाल्याचा का असेना. आता दुपारी गोरक्षसमोर बसायला हरकत नाही. इतका क्षुद्र हिशेब मी करू शकतो हे पाहून मला आश्चर्य वाटायला हवं होतं, पण माझ्याविषयी मला आश्चर्य वाटणं केव्हाच बंद झालंय.

रिक्षात बसल्यावर शिटी वाढली. मी आयुष्यभर रिसीव्हर डिझाइन केले. डिझाइन केले म्हणजे करायला लावले, विद्यार्थ्यांकडून. साठ गिगाहर्ट्झवरचे, म्हणजे सेकंदाला साठ अब्ज वेळा हेलकावणारी लहर पकडणारे. लोकांना वाटतं की रिसीव्हर म्हणजे कान, तो नुसता उघडा ठेवायचा असतो. तसं नसतं. आलेली लहर इतकी क्षीण असते की आपल्याच तारांच्या उष्णतेची खरखर तिच्याहून मोठी असते. तो आवाज गोंगाटातून वेगळा काढायला वीज लागते, आणि वीज खर्च करायची नसते, कारण बॅटरी एवढीशी. म्हणून आमची सगळी हुशारी एकाच प्रश्नाभोवती फिरते: कमीत कमी विजेत किती ऐकता येईल? पहिली युक्ती अगदी सोपी आहे. बहुतेक वेळ ऐकायचंच नाही. रिसीव्हरला झोपवायचं, क्षणभर जागं करायचं, कुणी हाक मारतंय का बघायचं, पुन्हा झोपवायचं. वर्गात हे शिकवताना मला दर वर्षी देवळाली कॅम्पमधलं आमचं पत्र्याचं क्वार्टर दिसायचं. वडील कॅन्टोन्मेंटमध्ये कारकून होते. तोफांचा सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, भांडी मांडणीवर सरकायची, आणि वडील पट्टा काढायचे. चूक सकाळी झालेली असली तरी ते तोफांची वाट पाहायचे. त्या आवाजात माझं ओरडणं शेजारी पोचत नसे. दोन गोळ्यांच्या मध्ये जेवढी शांतता असायची तेवढ्यात ते थांबायचे, हात वर तसाच धरून, आणि मीही तोंड दाबून थांबायचो. आई स्वयंपाकघरात पीठ मळत असायची. माझं काही तिच्यापर्यंत पोचत होतं का हे मी तिला कधी विचारलं नाही. तिने ऐकायचं नाही असं ठरवलं असावं. सतत ऐकत राहिली असती तर ती जगली नसती. मी मात्र एक शिकलो: कितीही गोंगाट असला तरी पट्टा हवेत उठल्याचा आवाज वेगळा ओळखता येतो. नंतर लोकांनी मला त्या विषयातला जाणकार म्हटलं.

मी कधी कुणावर हात उचलला नाही, असं माझ्या ओळखीचा कुणीही सांगेल. मुलाला मारलं नाही. वर्गात आवाज चढवला नाही. मुलं मला 'म्यूट सर' म्हणायची, मला ते माहीत होतं. प्रत्येक वाक्य बोलण्याआधी ते चुकीचं असेल असं मला वाटत आलंय, त्यामुळे अर्धी वाक्यं मी बोललोच नाही. आणि अशा माणसाच्या नावावर एक नामांकित पेपर आहे. चौदा वर्षांपूर्वी आमची चिप परदेशातल्या कारखान्यातून तयार होऊन आली, बोटाच्या नखापेक्षा लहान. वर्षभर तिची वाट पाहिली होती. चिपवर एक भाग मेलेला निघाला: ऑसिलेटर. रिसीव्हरला आत स्वतःचं एक स्थिर स्पंदन लागतं. बाहेरून आलेली वेगवान लहर त्याच्याशी मिसळली की ती हळू होते आणि मग वाचता येते. ते स्पंदन देणारा ऑसिलेटर या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात खादाड असतो. तोच मेला होता. मग आम्ही ते स्पंदन लॅबमधल्या मोठ्या सिग्नल जनरेटरमधून केबलने आत सोडलं आणि चिप बोलू लागली. मोजली तेव्हा वीज निघाली अकरा मिलिवॅट. जगात कुणाची नव्हती इतकी कमी. मी तक्त्यात अकरा लिहिले.

त्या वेळी लॅबमध्ये गोरक्ष भांडगे होता. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या घरातला, पंचविशीच्या आतला, माझ्यासारखाच कमी बोलणारा. त्याचे वडील मागावर बसत. पदराच्या नक्षीत एक धागा चुकला तर वीतभर विणलेलं उसवतात, गिऱ्हाइकाला दिसलं नसतं तरी उसवतात, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. त्या दुपारी तो माझ्या बाकापाशी आला. माझा दुसरा विद्यार्थी संतोष आणि आणखी दोघं शेजारी उभे होते. मी एका बोर्डवरची वायर डाग देऊन जोडत होतो; सोल्डरिंग आयर्न हातात होतं, टोक चमकत होतं. गोरक्ष म्हणाला, "सर, अकरामध्ये ऑसिलेटर धरलेला नाही." मी म्हणालो, "तो चिपवर नाहीये. बाहेरून घेतलाय." "पण सर, वीज तर लागतेच ना त्याला. तीसेक मिलिवॅट तरी. ते धरले तर चाळीसच्या वर जातं." "सगळे असंच लिहितात." मी हे खरं सांगितलं, बरेच जण तसंच लिहीत होते. तेव्हा तो अगदी सहज, चेष्टेचा हेतू नसताना म्हणाला, "मग सर, प्रत्येक फोनबरोबर एक जनरेटर पण द्यावा लागेल. मागं हातगाडी लावून." आणि संतोष हसला. मग बाकीचे दोघेही. ते हसू फार मोठं नव्हतं. गोरक्षचा हात बाकावर होता, बाही दुमडलेली, मनगट माझ्याकडे. पुढचं मी इतके दिवस 'हात लागला' असं म्हणत आलोय. वास आला, केस जळल्याचा, मग दुसरा. गोरक्ष ओरडला नाही. त्याच्या घशातून एक आवाज निघाला, कुणी जड वस्तू उचलताना निघतो तसा. संतोष थंड पाणी आणायला धावला. मी "अरे, अरे, लागलं का" असं म्हणत होतो, आणि माझा आवाज इतका काळजीचा होता की मलाही तो खरा वाटला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गोरक्षनेच सांगितलं, "अपघात. माझाच हात मध्ये आला." महिन्याभरात तो दुसऱ्या संस्थेत निघून गेला. तक्त्यात अकरा राहिले. पेपर छापून आला.

हर्षालीच्या परीक्षकांच्या यादीसाठी विद्यापीठाने माझ्याकडे आठ नावं मागितली तेव्हा सातवं नाव मी गोरक्षचं टाकलं. वरची सहा असताना सातवं कोण निवडतो? पण त्यांनी ते निवडलं. मी ते का टाकलं याची मी स्वतःला वेगवेगळी उत्तरं देत आलोय आणि एकही टिकत नाही. तो या विषयातला मोठा माणूस झालाय, हे एक. मला त्याच्यासमोर जायचं होतं, हे दुसरं. तिसरं मी मनात पुरतं उच्चारत नाही. हर्षालीचा रिसीव्हर नऊ मिलिवॅटचा. दोन वर्षांपूर्वी तिने मला विचारलं होतं, "सर, पॉवरमध्ये ऑसिलेटर धरू का? आपला बाहेरून आहे." मी म्हणालो, "माझ्या पेपरसारखाच तक्ता कर. तुलना सरळ पडते." ती हुशार पोरगी, पण गाईडच्या पेपरवर शंका कोण घेतो? मग थीसिस परीक्षकांकडे गेला, आणि गोरक्षच्या अहवालात सगळी स्तुती होती. शेवटी एकच ओळ: पॉवरच्या आकड्यात काय काय धरलं आहे ते उमेदवाराने स्पष्ट करावं. अशा शंकांना उत्तर उमेदवाराने लिहायचं असतं आणि गाईडने सही करायची असते. आमच्याकडे वेळ वाचवायला ते गाईडच लिहितात. मी लिहिलं: प्रचलित पद्धतीनुसार. खाली माझ्याच पेपरचा संदर्भ दिला. हर्षालीची सही घेतली, ती ओळ तिला न दाखवता. म्हणजे आज तिला ठाऊक नव्हतं की तिला काय विचारलं जाणार आहे, आणि मला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो तर तिची डिग्री जाणार होती आणि माझं नाव राहणार होतं. इतकं ते सरळ होतं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "काका, कुठं भांडलात काय?" मी म्हणालो, "नाही हो, मीच मध्ये आलो." वाक्य तोंडातून निघून गेल्यावर ते कुणाचं होतं हे माझ्या लक्षात आलं.

सेमिनार हॉलच्या बाहेर टेबलावर पांढरा कागद अंथरला होता. हर्षालीचे वडील भारत पगारे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, कचोऱ्यांचे खोके मोजत होते. व्हायवा झाल्यावर सगळ्यांना नाश्ता उमेदवाराच्या घरच्यांनी द्यायचा, अशी आमच्याकडे रीत पडलीय. आई पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. "सर, गालाला काय झालं?" भारतरावांनी विचारलं. "दाढ," मी म्हणालो. "लवंग धरा," ते म्हणाले, "आणि सर, एक विचारू का? तुम्ही लोक निकाल तिथंच सांगता ना? म्हणजे तिची आजी फोनवर थांबलीय, नव्वद वर्षांची. डॉक्टर म्हणून तिला पहिली हाक आजीनं मारायची असं ठरलंय." हर्षाली निळ्या साडीत आली आणि माझ्या पाया पडली. तिचे हात गार होते. "सर, घाबरायला होतंय." मी तेव्हा तिला बाजूला घेऊन सांगू शकलो असतो. पंधरा मिनिटं होती. मी म्हणालो, "काही होत नाही." माझ्या डाव्या बाजूने कुणीतरी बोलत होतं ते मला कळलं नाही, वळलो तर गोरक्ष.

तो जाड झाला होता, कानशिलांवर पांढरे केस. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. "सर, कसे आहात?" तो वाकला. माझ्या पायांना त्याची बोटं लागली तेव्हा मी पाऊल मागे घेतलं, इतकं पटकन की त्याचा तोल गेला. मग प्राचार्यांनी माझ्या हातात शाल आणि नारळ दिला; पाहुण्यांचा सत्कार गाईडने करायचा. मी शाल त्याच्या खांद्यावर टाकली. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी लपवत नाही. माझ्या मनात शालीची दोन टोकं होती, त्याचा गळा होता, आणि ती आवळली तर हा प्रश्न विचारला जाणार नाही असं एक लख्ख चित्र होतं. ते आलं आणि गेलं. माझ्यासारख्या माणसात ते कुठे राहतं? पुस्तकं वाचत, मान खाली घालून, साठ वर्षं मी त्याच्यावर बसून होतो की तेच मला सांभाळत होतं? टाळ्या वाजल्या.

हर्षालीने चाळीस मिनिटं सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. नऊचा आकडा पडद्यावर आला तेव्हा मागे मुलांनी टाळ्या वाजवल्या. व्हायवाच्या अध्यक्षबाईंनी नियम वाचून दाखवला: प्रश्नांची उत्तरं फक्त उमेदवाराने द्यायची, गाईडने मध्ये बोलायचं नाही. गोरक्षने आधी दोन सोपे प्रश्न विचारले. मग त्याने थीसिस उघडला. "हर्षाली, हा तक्ता. ऑसिलेटरची पॉवर यात कुठल्या रकान्यात आहे?" ती म्हणाली, "सर, ती यात नाहीये. ऑसिलेटर बाहेरून होता." "किती होती ती?" "मोजली नाही, सर." "का?" तिने माझ्याकडे बघितलं. हॉलमधल्या सगळ्यांनी तिच्या नजरेमागून माझ्याकडे बघितलं. मी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. "मी अहवालात विचारलं होतं हे," गोरक्ष म्हणाला, आवाज अगदी खालचा, "तुमचं उत्तर आलंय, सहीनिशी. प्रचलित पद्धत. कुणाची पद्धत?" "सर, मला... असं काही विचारलेलं मी..." ती थांबली. तिला कळलं. मी ते तिच्या चेहऱ्यावर पोचताना पाहिलं. ती कुणाचं नाव घेणार नव्हती. तिला तसं शिकवलेलं होतं, घरी आणि इथे. "मी चुकले, सर," ती म्हणाली. "माझं राहून गेलं."

माझाच हात मध्ये आला. पुन्हा तेच वाक्य, दुसऱ्या तोंडून. मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "सर, प्लीज. गाईडनी नाही." मी बोलायला सुरुवात केली आणि माझा आवाज मला फक्त उजव्या कानात ऐकू येत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "तिची चूक नाही. तिने विचारलं होतं. मी नको म्हणालो. ते उत्तरही मीच लिहिलंय. माझ्या पेपरातले अकरा खोटे आहेत, चाळीसच्या वर होते. हे या गोरक्षने मला तेव्हाच दाखवलं होतं, आणि मी त्याचा हात जाळला." मागे कुणीतरी चमचा पाडला. गोरक्ष लगेच म्हणाला, "तो अपघात होता. सरांची तब्येत बरी दिसत नाहीये, त्यांना पाणी द्या." "अपघात नव्हता," मी म्हणालो. "डाग देताना टोक तीन सेकंद धरायचं असतं. कमी धरलं तर जोड कच्चा, जास्त धरलं तर खालचं जळतं. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. मोजून सोडलं." मला ठाऊक होतं की आता काहीतरी येईल, शिव्या, धक्का, निदान तिरस्कार. मी त्याच्यासाठी उभा होतो.

गोरक्षने खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली. तो माझ्याकडे नाही, त्या घडीकडे बघत होता. "पाच, सर," तो म्हणाला.

मला आधी समजलं नाही.

"पाच होते. मीही मोजत होतो. तुम्हीच शिकवलं होतं, तीन. मला वाटलं, तीनला तुम्ही सोडाल. म्हणून मी हात ओढला नाही." मग तो अध्यक्षबाईंकडे वळला आणि कामाच्या आवाजात इंग्रजीत बोलू लागला: डिझाइन चांगलं आहे, उमेदवाराला विषय कळतो, मोजमाप अपुरं आहे, ऑसिलेटरसकट पुन्हा मोजून तीन महिन्यांत सुधारित प्रकरण द्यावं, आज शिफारस करता येणार नाही. त्याने हर्षालीला मराठीत सांगितलं, "चाळीस आले तरी थीसिस होतो. पन्नास आले तरी होतो. फक्त खरे यायला पाहिजेत." ती मान हलवत राहिली. तिच्या आईला इंग्रजी कळलं नव्हतं. ती पेढ्यांच्या बॉक्सची चिकटपट्टी नखाने उकलत होती.

लोक उठून बाहेर जाताना माझ्या दोन्ही बाजूंनी गेले, मध्ये खांब असावा तसे. संतोष आता इथेच प्राध्यापक आहे. तो माझ्याकडे न बघता गेला. कॉरिडॉरमध्ये हर्षाली माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, ती काही चांगलं बोलेल. खरंच वाटलं. तिची डिग्री वाचवायला मी उभा राहिलो होतो, असं मी तेवढ्या वेळात स्वतःला सांगून टाकलं होतं.

"आजच का, सर?"

"हर्षाली, मी..."

"दोन वर्षं होती तुमच्याकडे. दोन वर्षं. मी तुमच्या केबिनमध्ये रोज यायचे. मघाशी बाहेर उभे होतो आपण, तेव्हा सांगायचं ना. मी उत्तर दिलं असतं. मी म्हणाले असते, हो, राहिलंय, हे धरून एवढं होतं. मला आलं असतं ते!" तिचा आवाज फुटला आणि तिने तो परत आवळला. "आता सगळे तुमच्याबद्दल बोलतायत. माझा रिसीव्हर कसा होता हे कुणी विचारणार नाही. तुम्हाला तुमचं सांगायचं होतं, तर तुमच्या घरी बोलवायचं होतं ना त्यांना. जेवायला." तिने हात पुढे केला. "लॅबची किल्ली द्या."

मी खिशातून किल्ली काढली. "जनरेटरचं मी लावून देतो. त्याच्या केबलमधली घट धरावी लागेल, नाहीतर..."

"नको. तुम्ही येऊ नका."

ती साडीचा पदर कमरेला खोचत कॉरिडॉरच्या टोकाला गेली. गोरक्ष तिथे भिंतीला टेकून फोनवर बोलत होता. ती काहीतरी म्हणाली, त्याने फोन बंद केला, आणि दोघं जिन्याने वर गेली. तो वळून बघेल म्हणून मी थांबलो. त्याने बघितलं नाही. पाच. मी पुन्हा मोजून पाहिलं, उभ्या उभ्या, बोटांवर. माझ्या आठवणीत तीनच होते. चौदा वर्षं मी ते तीन सेकंद उगाळले होते, त्यांच्यावर झोपलो होतो, त्यांच्यासाठी आज सकाळी मार खाऊन खूश झालो होतो. आणि वरचे दोन माझ्याकडे नव्हतेच. त्या दोन सेकंदांत मी कोण होतो? कशाने धरून ठेवलं होतं मला? आणखी असं किती असेल, जे फक्त समोरच्याच्या अंगावर लिहिलेलं आहे?

"सर." भारतराव समोर होते, हातात प्लेट. त्यांचा चेहरा परेडमधल्या माणसासारखा ताठ झाला होता. "नाही झालं ना?"

"नाही."

"तुमच्यामुळं?"

"हो."

त्यांनी मान डोलावली, एखादी बातमी नोंदवून घ्यावी तशी. त्यांच्या शर्टच्या खिशातला फोन चालू होता, आतून म्हातारीचा बारीक आवाज येत होता, "झाली का रं? हर्षू झाली का?" त्यांनी खिशावर तळवा दाबला. मग टेबलाकडे बघितलं. साठ कचोऱ्या होत्या, चटणी वाटून ठेवलेली, आणि लोक लांब उभे होते, जवळ यायचं की नाही ते न कळून.

"आणलंय तर खाऊन घ्या सगळ्यांनी," ते मोठ्याने म्हणाले. "वाया नको जायला." आणि पहिली प्लेट, मी तिथे सगळ्यात वयस्कर होतो म्हणून, त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती परत करायला हवी होती. निदान खाली ठेवायला हवी होती. वर लॅबचं दार उघडल्याचा आवाज झाला, मग पंखे सुरू झाल्याचा. मी कचोरी तोडली. ती गार झाली होती, आणि मला भयंकर भूक लागली होती. मी उभ्याने, भराभर, चटणी सांडत, ती सगळी खाल्ली. मग दुसरी घेतली.